पोराला मित्र आहे का, हे कोण विचारणार?

नागपुरात रूम करून शिकणाऱ्या एखाद्या पोराला सायकोसिसचा, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येण्याचा आणि खोटे संशय खरे वाटण्याचा झटका आला, की स्कीमच्या, म्हणजे फ्लॅटच्या सोसायटीच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तासाभरात दोन पक्ष पडतात. गोंदिया, गडचिरोली किंवा चंद्रपूरकडून आलेला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा रात्रभर गच्चीवर फेऱ्या मारतो, शेजारचे आपलं बोलणं रेकॉर्ड करतात म्हणून त्यांचं दार ठोठावतो. मग कोणीतरी त्याच्या बापाला फोन लावतो, आणि पोरगं गाडीत बसायच्या आत वाद पेटलेला असतो. पहिला पक्ष म्हणतो, हा मेंदूचा आजार आहे, गोळ्या सुरू करा, विषय संपला. दुसरा म्हणतो, कसला आजार अन् कसलं काय, घरचंच बिघडलेलं असतं. आईबाप दोघं नोकरीत, पोरगं मोबाइलवर, मग दुसरं होणार तरी काय? अलीकडे या दुसऱ्या पक्षाला ‘अटॅचमेंट’ हा शब्द सापडला आहे. लहानपणी आईशी नातं नीट जुळलं नाही की मोठेपणी डोकं बिघडतं, असं अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये ठणकावून सांगितलं जातं, आणि ते ऐकून कुठलीतरी आई रात्रभर हिशेब मांडत बसते, की आपण कामावर परत कधी रुजू झालो होतो आणि पोराला पाळणाघरात कितव्या महिन्यात टाकलं होतं.

हा वाद भलत्याच जागी चालला आहे. दोन्ही पक्षांना एवढंच जाणून घ्यायचं आहे की हे कशामुळे झालं. उत्तर मिळालं, की दोघंही मोकळे. तरुण वयातल्या सायकोसिसमध्ये त्याहून निकडीचा प्रश्न पुढचा असतो. आवाज थांबले, संशय विरला, त्यानंतर हा पोरगा माणसांत परत कसा येणार, आणि त्याला परत आणणं हे कोणाचं काम? माझं म्हणणं असं, की दुसऱ्याचं मन ओळखता येणं आणि दुसऱ्यावर भरवसा टाकता येणं या गोष्टी उपचाराच्या आतल्या आहेत. उपचार संपल्यावर नशिबात असेल तर मिळेल, असा तो वरकड लाभ नाही. त्या बऱ्याच अंशी परत येऊ शकतात. आणि त्या परत आणायचं ओझं एकट्या आईच्या डोक्यावर ठेवून आपण सगळे जे बाजूला होतो, तो शुद्ध पळपुटेपणा आहे. हे काम सरकारी आरोग्यसेवेचं आहे, कॉलेजांचं आहे, आणि थोडंफार त्या स्कीममधल्या मंडळींचंही आहे.

आधी हरवतं काय, ते जवळून पाहू. सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर चार दोस्त उभे आहेत. आजारातून उठलेला पाचवा येतो. एकजण ओरडतो, ‘काऊन बे, मोठा साहेब झाला का? दिसूनच नाही राहिला!’ बाकीचे हसतात. आमच्याकडे ही खास आपुलकीची बोली. ज्याच्याशी असं कोणी बोलत नाही तो परका. पण त्या पाचव्याला अर्ध्या सेकंदात किती गोष्टी ओळखायच्या असतात बघा. आवाज चढा असला तरी डोळे हसताहेत. साहेब म्हटलं म्हणजे खरंच साहेब म्हटलेलं नाही. बाकीचे हसले ते आपल्याला हसले नाहीत. आणि उत्तर म्हणून तेवढीच वाकडी एक ओळ परत फेकायची आहे, तीही वेळेत. सायकोसिसमधून गेलेल्या अनेक तरुणांना नेमकं हेच जड जातं. समोरच्या चेहऱ्यावरची भावना ओळखताना गल्लत होते, अगदी निर्विकार चेहऱ्यातही धमकी दिसते. काहींना समोरच्याच्या मनात काय चाललं आहे याचा अंदाजच येत नाही. काहींना तो नको इतका येतो आणि कोणाच्या साध्या खोकण्यातही त्यांना डाव दिसतो. शेवट दोन्हींचा सारखाच. पोरगा अर्धी प्लेट टाकून निघून जातो, दोस्त म्हणतात, ‘भलताच राग येऊन राहिला याला आजकाल’, आणि पुढच्या रविवारी त्याला कोणी फोन करत नाही.

मानसशास्त्रात याला सामाजिक आकलन म्हणतात. लंडनच्या क्रिस फ्रिथ यांनी 1992 मध्ये स्किझोफ्रेनिया या सायकोसिसच्या दीर्घ आजाराची अनेक लक्षणं दुसऱ्याचं मन वाचण्यातल्या बिघाडाशी जोडून दाखवली. तीन वर्षांनी त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटी चाचणी मांडली: एक पात्र आडून काहीतरी सुचवतं, त्याला खरं काय म्हणायचं आहे ते ओळखा. आपल्याकडे अर्धा संसार ‘लेकी बोले सुने लागे’वर चालतो, ही परीक्षा इथे दिवसातून चार वेळा द्यावी लागते, तीही बिनगुणांची. परदेशी प्रसंग आपल्या रुग्णांना लावून चालत नाही, म्हणून बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत 2011 साली भारतीय प्रसंगांवर बेतलेलं मोजमाप तयार झालं. त्याच वर्षी बऱ्याच अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. रुग्ण समाजात कितपत निभावतो यातला फरक स्मरण-एकाग्रतेच्या चाचण्यांवरून साधारण 6 टक्के उलगडतो, तर सामाजिक आकलनावरून 16 टक्के, असं त्यात दिसलं. 16 टक्के म्हणजे काही डोंगर नाही, हे मी आधीच मान्य करतो. उरलेल्यात गरिबी, काम मिळणं-न मिळणं, औषधांचा जडपणा, असं पुष्कळ येतं. तरी ज्या गोष्टीचं वजन जास्त, तिच्याकडेच आपलं लक्ष कमी, एवढं तर यावरून कळतं ना?

भरवशाचंही असंच. संकटात कोणाकडे धाव घ्यायची, याचा एक आराखडा लहानपणापासून माणसाच्या मनात तयार होतो, असं जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी मांडलं. कोणाचा आराखडा सांगतो, हाक मार, कोणीतरी येईल. कोणाचा सांगतो, हाक मारून उपयोग नाही, तुझं तू बघ. सायकोसिस झालेल्यांमध्ये दुसऱ्या प्रकारचे, धास्तावलेले किंवा अंतर राखणारे भावबंध (रीलमधली ‘अटॅचमेंट’ ती हीच) सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळतात. अंतर राखणारी माणसं मदत मागायला उशीर करतात, डॉक्टरला खरं सांगत नाहीत, फॉलो-अपला येत नाहीत. त्यात वय बघा. हा आजार बहुतेकदा सोळा-सतरा ते तिशीच्या दरम्यान डोकं वर काढतो, मुलांमध्ये मुलींपेक्षा थोडा आधी. म्हणजे धाव घ्यायची जागा ज्या वयात आईबापांकडून दोस्तांकडे, प्रेमाच्या माणसाकडे सरकत असते, नेमकं तेव्हाच. जुनी जागा सुटलेली, नवी अजून पक्की झालेली नाही, आणि वरून घर सोडून परक्या शहरात, मेसच्या डब्यावर.

असा पोरगा आईसोबत सरकारी ओपीडीत येतो, तेव्हा काय होतं? कुठल्या ओपीडीत म्हणून विचारू नका, सगळीकडे थोडंफार हेच. आई स्टुलावर, पोरगा मागे भिंतीला टेकून उभा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. ‘झोपतो का?’ झोपतो. ‘जेवतो का?’ हो, दोन पोळ्या खातो. ‘गोळ्या घेतो का?’ मी देते हाताने. तिन्ही उत्तरं आईची. तीच औषधं पुढे चालू, महिन्याने या. पोराकडे मान वर करून पाहिलं जातं ते खोलीतून बाहेर पडताना. यात मी डॉक्टरचा दोष काढत नाही. रांग दाराबाहेर जिन्यापर्यंत गेलेली असते आणि आतला माणूस सकाळपासून पाणी प्यायलेला नसतो. पण महाराष्ट्रातल्या पालकांच्या गटांमध्ये ज्यांना शुभार्थी म्हणतात त्या आजारी पोरांशी आणि त्यांच्या शुभंकरांशी, म्हणजे त्यांना सांभाळणाऱ्यांशी, निवांत बोलून पाहा. पोरगा स्वतःहून सांगतो ते झोपेबद्दल नसतं. ‘कोणी फोन नाही करत’ हे त्याचं पहिलं वाक्य असतं. या तक्रारीला केसपेपरवर रकाना नाही.

आता समोरच्यांचं बलवान म्हणणं घेऊ. गोळीवाल्या पक्षाचा मुद्दा हलक्यात घेण्यासारखा नाहीच. 1952 मध्ये पॅरिसमध्ये सायकोसिसवरचं क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आलं त्याच्या आधी अशा माणसांच्या वाट्याला काय येत होतं, हे जुन्या इस्पितळांच्या भिंतींना विचारा. औषधं चालू ठेवणाऱ्यांची आणि थांबवणाऱ्यांची तुलना करणारे डझनावारी प्रयोग 2012 साली एकत्र तपासले गेले. वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण औषधावर असणाऱ्यांत 27 टक्के आणि नसणाऱ्यांत 64 टक्के निघालं. यापुढे कोणी ‘प्रेमाने बरं होतं, गोळ्या कशाला’ म्हणू लागला, तर त्याला दारातूनच वाटेला लावावं. पण याच औषधांची मर्यादाही डॉक्टरच सांगतात. ती आवाज आणि भ्रम आटोक्यात आणतात. मिटलेपणा, आटलेली इच्छा आणि माणूस वाचण्यातली अडचण यांवर त्यांचा जोर फारसा चालत नाही. म्हणजे गोळीने पोरगा ठेल्यापर्यंत पोचतो. तिथे उभं राहून बोलायचं कसं, हे गोळी शिकवत नाही. ते शिकवावं लागतं, आणि शिकवता येतं: चेहरे ओळखण्याचा, प्रसंगाचे दोन-तीन अर्थ लावून बघण्याचा, घाईने निष्कर्ष न काढण्याचा सराव गटात बसून घेतला तर चाचण्यांत चांगली सुधारणा दिसते. ती सुधारणा रोजच्या जगण्यात पूर्णपणे उतरते असं नाही. ती उतरायला खरी माणसं लागतात. मग गोळी की माणसं, हा वाद उरतोच कुठे?

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो, कारण तो आयांच्या बाजूने येतो. भावबंधाची भाषा एकदा आत घेतली, की बोट पुन्हा आईकडेच वळणार, असं त्या म्हणतात. त्यांची भीती इतिहासाने खरी ठरवलेली आहे. अमेरिकेत 1948 साली फ्रीडा फ्रॉम-राइकमन या मनोविश्लेषक बाईंनी स्किझोफ्रेनिया ‘घडवणाऱ्या’ आईची कल्पना मांडली. 1956 मध्ये ग्रेगरी बेटसन आणि मंडळींनी घरातल्या परस्परविरोधी बोलण्यात आजाराचं मूळ शोधलं. पुढची वीस-पंचवीस वर्षं पोटच्या पोराचा आजार घेऊन आलेल्या बायकांना तज्ज्ञांच्या तोंडून ऐकावं लागलं, की हे तुमच्यामुळे झालं. पुरावा? तो काही सापडला नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला. आणि तोही एवढा नाही, की तंतोतंत सारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला म्हणजे दुसऱ्याला झालाच पाहिजे. निम्म्याहून अधिक जोड्यांत दुसरं भावंड सुटतं. आमच्याकडे तर आईला दुहेरी मार. ‘बाहेरचं’ झालं तरी तिच्या माहेरचं, संस्कार कमी पडले तरी तिचेच, आणि बाप मात्र कचेरीतून सहाला येऊन टीव्ही लावायला मोकळा.

तरीही या भीतीपोटी नात्यांबद्दल बोलायचंच नाही, हे मला पटत नाही. धास्तावलेला भावबंध म्हणजे आईच्या विरोधातला पंचनामा नसतो. सर्वसाधारण लोकांतही दहातल्या चौघांचे भावबंध पक्के सुरक्षित नसतात, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात कधी सायकोसिस होत नाही. शिवाय आजार स्वतःच नाती उसवतो. ज्या पोराला सहा महिने वाटत होतं की आई वरणात काहीतरी कालवते, त्याचा आईवरचा भरवसा तपासून ‘बालपणी काहीतरी चुकलं असणार’ म्हणणं म्हणजे पुरात वाहून गेलेल्या पुलाचा दोष कारागिराला देणं. आणि मुख्य म्हणजे हा आराखडा दगडावर कोरलेला नसतो. आजी, मामा, मोठी बहीण, शाळेतले एखादे सर, पुढे एखादा मित्र, एखादी समुपदेशक ताई यांच्या सोबतीने तो बदलतो. म्हणूनच तर तो बोलण्याचा विषय आहे. कारणाचा शोध मागे बघत राहतो. मला पडलेला प्रश्न आजच्या तारखेचा आहे: याच्या हाकेला ओ देणारी माणसं किती?

इथे तिसरा पक्ष हळूच बोलतो, आणि तो सगळ्यात आवडता पक्ष आहे. ‘ते सगळं परदेशात हो. आपल्याकडे कुटुंब आहे.’ यालाही आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या अभ्यासात आग्रा हे एक केंद्र होतं, आणि विकसनशील देशांतले रुग्ण श्रीमंत देशांतल्यांपेक्षा बरे सावरताना दिसले. अलीकडे चेन्नई आणि माँट्रियलमधल्या, पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या तरुणांची तुलना झाली, त्यात चेन्नईत घरच्यांचा सहभाग अधिक होता आणि मिटलेपणासारखी लक्षणंही तिथे अधिक सुधारली. लंडनच्या जॉर्ज ब्राउन यांनी 1950 च्या दशकात उलटं चित्र पाहिलं होतं: इस्पितळातून सुटून आईवडील किंवा बायकोकडे गेलेले पुरुष, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडत. घरातली सततची टीका, वैर आणि पोरात नको इतकं गुंतून पडणं आजार उलटवतं, हे त्यातून पुढे आलं. चंडीगडमध्ये तेच मोजलं तेव्हा अशा ताणाची घरं लंडनपेक्षा कमी भरली.

पण यातल्या शास्त्रज्ञांनीच नंतर बजावलं आहे, की भारतातलं सगळं छान असल्याचा निष्कर्ष घाईचा आहे; मधेच गळून गेलेल्या रुग्णांचं, बायकांचं काय झालं, हे त्या सरासरीत दिसत नाही. आणि ज्या कुटुंबाचा आपण दाखला देतो ते उरलं आहे का? नागपूरच्या मनीषनगर, बेसा, वाडीतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एक पासष्ट वर्षांची आई, एक रिटायर्ड बाप आणि एक अठ्ठावीस वर्षांचा शुभार्थी. मोठा मुलगा पुण्याला आयटीत, महिन्याला पैसे पाठवतो आणि दिवाळीला येतो. चंडीगडच्या त्या घरांमध्ये टीका वाटून जायला काका होता, रागावलं तर पोरगा आजीच्या खोलीत जाऊन बसत होता. इथे चोवीस तास समोरासमोर तीन माणसं. आई जेवण हातात देते, फोन उचलते, बाहेर जाऊ देत नाही, आणि तिला कोणी सांगत नाही की थोडी मागे हो, कारण मागे झाली तर पुढे येणारं कोणी नाही. कुटुंब आहे म्हणत आपण त्या घराचं दार बाहेरून लावून घेतलं आहे.

या ‘कुटुंब आहे’चंच एक कुरूप टोक म्हणजे लग्न. ‘लग्न लावून द्या, रुळावर येईल’ हा सल्ला न मिळालेलं घर मला अजून भेटलेलं नाही, आणि कधी कधी तो पांढऱ्या कोटातूनही येतो. विचित्र असं, की या सल्ल्यात अर्धं सत्य आहे. सल्ला देणाऱ्याला कुठेतरी उमगलेलं असतं, की पोराला हक्काचं माणूस हवं आहे. मग हक्काचं माणूस म्हणून एखाद्या खेड्यातली, बापाची ऐपत नसलेली मुलगी आणायची, तिला काही सांगायचं नाही, गोळ्या ‘अॅसिडिटीच्या’ म्हणून कपाटात ठेवायच्या. ज्या आजाराचं मूळ दुखणंच संशय आहे, त्यावर औषध म्हणून लपवाछपवीवर उभं केलेलं नातं? हळदीच्या गडबडीत गोळ्या चुकतात, जागरणं होतात, महिन्याभरात आजार उलटतो, आणि आता खोलीत दोन घाबरलेली माणसं असतात. मुलगीच आजारी असली तर गोष्ट आणखी आखूड: माहेरी आणून सोडतात आणि वकिलाची नोटीस येते. सगळं आधी सांगून, गोळ्या टेबलावर ठेवून केलेली लग्नं टिकलेलीही मी पाहिली आहेत. त्यात मुलीने आधी चारदा भेटून, डॉक्टरशी बोलून, विचार करून हो म्हटलेलं होतं. म्हणजे भरवसा आधी, मंगलाष्टकं नंतर.

नागपूरला हा विषय परका नसावा, अशी एक गोष्ट या शहराच्या पोटातच आहे. सूफी संत ताजुद्दीन बाबांना 1892 मध्ये इथल्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं गेलं आणि 1908 पर्यंत, म्हणजे सोळा वर्षं, ते तिथे होते. रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना बाहेर काढून शक्करदऱ्याच्या वाड्यात नेलं. भक्तांच्या लेखी ते वेडे नव्हतेच, आणि तो निवाडा करायला मी बसलेलो नाही. मला दिसतं ते लोकांचं वागणं. इस्पितळात असलेल्या माणसाला भेटायला लोक आत जात होते, हिंदू-मुसलमान दोघंही, आपलं गाऱ्हाणं घेऊन. बाबांचं बोलणं तुटक, कोड्यात. लोक त्याचा अर्थ धीराने लावत बसत, आणि नाही लागला तर दोष स्वतःच्या समजुतीला देत. विदर्भातच आणखी मागे जायचं तर तेराव्या शतकात ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना वेडा म्हणणारंही गाव होतं आणि मायबाप म्हणणारंही तेच गाव. प्रत्येक आजारी पोरात संत शोधा, असं मी मुळीच म्हणत नाही. तो दुसरा अन्याय होईल, आणि त्या नादात उपचार राहून जातात. पण आकलन ही दोन्ही बाजूंनी करायची गोष्ट आहे, एवढं या शहराला ठाऊक होतं. आज आपण चाचण्या पोराच्या घेतो. त्याचा थंड चेहरा पाहून ‘याला काही वाटतच नाही’ म्हणणाऱ्या आपली चाचणी कोण घेणार? चेहरा हलत नाही यात औषधाचाही हात असतो, आत खळबळ असू शकते. हे वाचता न येणं हाही आकलनाचा दोषच की.

शेजाऱ्यांची भीती मात्र मी झटकून टाकणार नाही. उपचार न मिळालेल्या सायकोसिसला दारू किंवा गांजाची जोड मिळाली, तर मारहाणीचा धोका वाढतो. ज्यांच्या दारावर रात्री दोनला थापा पडल्या, त्यांना ‘जागरूकता वाढवा’ म्हणून पत्रक देणं ही थट्टा आहे. त्यांना त्या रात्री फोन उचलणारं कोणीतरी हवं असतं, आणि ती मागणी रास्त आहे. 2022 पासून 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चालू आहे, तो तरी लिफ्टपाशी लावा. पण बहुतांश रुग्ण कोणाला मारत नाहीत, उलट मार खातात, हेही तितकंच खरं. आणि खोली रिकामी करून घेतल्याने धोका जात नाही, पत्ता बदलतो. कॉलेज सुटतं, दोस्त सुटतात, डॉक्टर सुटतो, गोळ्या थांबतात. म्हणजे ज्या चार गोष्टींनी धोका कमी होतो त्या आपणच काढून घेतो. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 19 मध्ये समाजात राहण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. केवळ घर नाही किंवा घरचे नेत नाहीत म्हणून कोणाला इस्पितळात ठेवून घेता येत नाही. कागदावर. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला सांगावं लागलं, की मनोरुग्णालयातल्या लोकांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणं थांबवा.

राहता राहिला पैशाचा आणि माणसांचा प्रश्न, आणि तो खराच अवघड आहे. लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरा भरत नाही अशा देशात भावबंधांची चैन कोणाला परवडते? हा सवाल 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांच्यापुढेही होता. इस्पितळ ओसंडून वाहत होतं, हाताखाली माणसं नव्हती. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या घरच्यांना सोबत राहायला बोलावलं. आई, भाऊ, बायको उपचार होताना पाहत होते, शिकत होते, आणि रुग्ण लवकर घरी जात होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पुढे हीच रीत पक्क्या बांधकामात आणली. म्हणजे नात्यांना उपचारात घेतलं गेलं ते श्रीमंतीतून नाही, टंचाईतून. जवळचं उदाहरण हवं तर सातारा घ्या. गोवा, तमिळनाडू आणि साताऱ्यात झालेल्या ज्या प्रयोगाचे निष्कर्ष 2014 मध्ये छापून आले, त्यात पदवीधर मानसतज्ज्ञ नसलेली, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरी जात होती. फायदा माफक होता, चमत्कार नव्हता. पण नुसत्या ओपीडीपेक्षा बरा होता.

नागपुरात अशी माणसं आहेत. समाजकार्याची जुनी कॉलेजं आहेत, त्यांची पोरंपोरी दर आठवड्याला क्षेत्रकार्याला बाहेर पडतात. एकेकाने दोन शुभार्थी घेतले, आठवड्यातून एकदा त्यांच्यासोबत फुटाळा तलावावर चक्कर मारली, ठेल्यावर उभं राहून चहा घेतला, ‘तो असं म्हणाला तेव्हा तुला काय वाटलं’ एवढं विचारलं, तरी सरावाचा मोठा भाग तिथेच होतो. अडचण अशी, की परीक्षा झाली की ही पोरं जातात. भरवसा बसायला ज्याला आठ महिने लागतात, त्याचं माणूस नवव्या महिन्यात गेलं, तर त्याचा जुना आराखडाच खरा ठरतो: हाक मारून उपयोग नाही. सरकारी कार्यक्रमातल्या कंत्राटी समुपदेशकांचं याहून वेगळं नाही. अकरा महिन्यांचा करार, मधे खंड, नवी ऑर्डर, भलत्याच तालुक्यात नेमणूक. हिशेबाच्या वहीत पद भरलेलं दिसतं, पण पोरासाठी ते तिसऱ्यांदा रिकामं झालेलं असतं. निदान तीन वर्षांची नेमणूक द्यायची आणि बदली झालीच तर जुन्या-नव्याने मिळून दोन-तीन भेटी घ्यायच्या, याला नवं इस्पितळ लागत नाही, शासन आदेश लागतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला सगळं खातं नागपुरातच येऊन बसतं. तेवढ्या दिवसांत विदर्भातल्या एखाद्या आमदाराने एक तारांकित प्रश्न टाकावा: जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य सेवेत एकाच रुग्णाकडे सलग दोन वर्षं तोच समुपदेशक राहिला, अशी प्रकरणं किती?